पत्त्यातली जात

निरोप वाहण्याचे काम आपल्याकडे टपालखात्याच्या कितीतरी आधीपासून होते, आणि ते बिनपगारी होते. सरकारी लखोटा, पाटलाचा सांगावा, मयताची खबर घेऊन गावोगाव चालत जाणे महारकीतच मोडे. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार वतन रद्द केले. ह्या निर्णयाचा अर्थ बहुधा जमिनीपुरता सांगितला जातो. मला तो पायांच्या सुटकेचाही वाटतो.

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली. हातकणंगले हे तिच्यावरचे एक स्टेशन. धावत्या गाडीत पत्रे निवडण्याची पद्धत त्याआधीच, १८६३ साली, अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झालेली होती. १९०७ साली ह्या व्यवस्थेला रेल्वे मेल सर्व्हिस हे नाव मिळाले. डब्याच्या भिंतीला लाकडी खण. सॉर्टर उभ्या-उभ्या पत्ता वाचणार, पत्र खणात टाकणार. मग गठ्ठ्याला सुतळी, थैलीला लेबल आणि लाखेचे सील, आणि थैली आपल्या स्टेशनावर उतरणार. मुंबईची थैली पुण्यास मोठ्या गाडीतून मीटर गेजच्या गाडीत चढे आणि मिरजेला कोल्हापूरच्या फाट्याला लागे. ह्या सबंध प्रवासात वाचले जाई ते गावाचे आणि टपालकचेरीचे नाव. डब्यात महारवाड्याचा वेगळा खण नव्हता. गावात मात्र पाणवठ्यापासून मसणवट्यापर्यंत सगळेच खण वेगळे!

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. मुंबईचे पाक्षिक खेड्यातल्या वर्गणीदाराच्या हाती पडायचे तर टपालावाचून दुसरी वाट नव्हती. पुढे दोन महिन्यांच्या आत, २१ व २२ मार्चला, माणगाव परिषद भरली. हे माणगाव आजच्या हातकणंगले तालुक्यातच आहे. परिषदेतली भाषणे आपल्या इतिहासात आली. अंक वाहणारी थैली आली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. ज्यांच्या आज्यांनी सांगावे फुकट वाहिले, त्यांना तेच काम पगाराने आणि हक्काने मागता आले. मी ह्याला नोकरीपेक्षा मोठी गोष्ट समजतो.

पण थैली फुटली की गाव सुरू होई. पाकिटावर महारवाडा, मांगवाडा, नंतर हरिजन वस्ती. ही ओळ गाडीतल्या सॉर्टरच्या काहीच कामाची नव्हती. ती फक्त गावाला हवी होती. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच. हातकणंगलेचा पिन ४१६१०९: पहिले तीन अंक वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपालकचेरीचे. सहा अंकांत जातीला जागा नाही. तरीही अंकांच्या वरची ओळ तशीच राहिली, आणि वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घ्यायला महाराष्ट्र शासनाला डिसेंबर २०२० उजाडला. म्हणजे पिनकोडनंतर ४८ वर्षे!

धावत्या डब्यातले ते वर्गीकरण आता इतिहासजमा झाले आहे; पत्रे टपालकेंद्रांत निवडली जातात. शासननिर्णयाने पाटी बदलते, पण दाखल्यांचे काय? शिक्षक मित्रांनी आपल्या शाळेचे पटनोंदणीचे रजिस्टर उघडावे आणि मुलांच्या पत्त्याच्या रकान्यात आजही काय लिहिले जाते ते पाहावे.