मल्लिनाथी
मल्लिनाथी (स्त्री.) : दुसऱ्याच्या बोलण्यावर वा कृतीवर जाता जाता केलेली, बहुधा खोचक आणि कोणी न मागितलेली टिप्पणी. संस्कृत टीकाकार मल्लिनाथ याच्या नावावरून हा शब्द आला. कोलाचल घराण्यातला हा पंडित तेलंगणाचा. त्याचा काळ सामान्यतः चौदावे-पंधरावे शतक मानतात. कालिदासाच्या ‘रघुवंश’, ‘कुमारसंभव’ व ‘मेघदूत’ या काव्यांवरील त्याची ‘संजीवनी’ टीका आजही अभ्यासली जाते. श्लोकाचा अन्वय लावायचा, समास सोडवायचा, अर्थाला अमरकोशाचा आणि रूपाला पाणिनीच्या सूत्राचा आधार द्यायचा, ही त्याची शिस्त. निराधार काही लिहिणार नाही, अनावश्यक काही बोलणार नाही, अशी प्रतिज्ञाच त्याने आरंभी केली आहे. मराठीने त्याच्या नावाचा केलेला उपयोग नेमका उलटा, आणि थोडा अन्यायाचाही. शब्द ‘करणे’ या क्रियापदाबरोबर येतो व वृत्तपत्री मराठीत विशेष रुळला आहे : ‘रस्त्यात खड्डे नाहीत, खड्ड्यांत रस्ता आहे, अशी मल्लिनाथी विरोधकांनी केली.’ टोमणा वर्मी लागावा म्हणून मारतात. मल्लिनाथीत स्वतःची हुशारी दाखवण्याचा भाग अधिक. गंभीर समीक्षेला हा शब्द लावल्यास समीक्षक दुखावतो.