कातडीबचाऊपणाचा इतिहास

मराठीत 'कातडीबचाऊ' ही शिवी आहे. ती ज्याने रूढ केली तो गृहस्थ मोटरसायकलवर बसला नसावा; निदान मोटरसायकलवरून पडला तरी नसावा. रस्त्याशी गाठ पडली की माणसाचं पहिलं खर्ची पडतं ते कातडंच. आम्ही बँकवाले याला मुद्दलाला हात लागणं म्हणतो.

यावर तोडगा निघाला तो जनावराच्या कातड्याचा. चामडं आपल्याला नवं नव्हतं. विहिरीची मोट, पखाल, ढोल, पायताण. पाण्यापासून पायापर्यंत सगळीकडे ते होतं, फक्त अंगावर नव्हतं. आपल्या उन्हात घालणार कोण? १९२८ साली न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी मोटरसायकलवाल्यांसाठी चेनचं चामडी जाकीट काढलं. किंमत साडेपाच डॉलर, नाव 'परफेक्टो'. हे नाव त्यांच्या आवडत्या सिगारचं! बारसं धुरात झालं तरी मूल गुणी निघालं.

पुढे १९५३ साली 'द वाइल्ड वन' चित्रपटात मार्लन ब्रँडो असं जाकीट घालून मिरवला आणि घोटाळा झाला. तोवर जाकीट पडण्यासाठी होतं, आता ते छाप पाडण्यासाठी झालं. दुकानात गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहू लागलं. वास्तविक उभं राहून जाकीट घ्यायचंच नसतं. गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करावेत आणि बाही मनगट सोडून वर पळते का, ते पाहावं.

युरोपात २००२ साली या कपड्यांची परीक्षाच ठरली. ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर कपडा टेकवायचा आणि भोक पडेपर्यंत सेकंद मोजायचे. खांदे, कोपर, गुडघे इथे चार सेकंद टिकला तर पास व्हायचा, सात टिकला तर वरचा वर्ग मिळायचा. पातळ सुती सदरा एक सेकंदही धड टिकत नाही. म्हणून चामडं निदान सव्वा मिलिमीटर जाड हवं, शिवण दुहेरी हवी, खांद्या-कोपरांत गादी हवी. चामडं नुसतं घासण्यापासून वाचवतं. आपटण्यापासून वाचवते ती गादी. पैसे कमी असतील तर आधी हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट घ्यावेत, कारण पडताना माणूस पहिला हात टेकतो.

आता हे सूर्यमाळला कसं लावायचं? मोखाडा तालुक्यातलं हे उंचावरचं गाव. पावसाळ्यात धुकं, वळणं आणि वरून धो धो. तिथे भिजलेलं चामडं जड होतं, आणि ऊन न दिसणाऱ्या घरात त्याला बुरशी धरते. या भागातल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर इरलं घेतलं, ते वरून येणाऱ्या संकटासाठी. खालून येणारं संकट मोटरसायकलबरोबर आलं. शनिवार-रविवारी मुंबईहून पाऊस बघायला येणारा चामड्यात बंदोबस्तात असतो. रोज त्याच घाटातून बाजाराला जाणारा सदऱ्यात आणि स्लिपरात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने डोक्यावर हेल्मेट बसवलं. डोक्याखालचा माणूस ज्याचा त्याने सांभाळायचा. कर्जावर घेतलेल्या गाडीचं तसं नाही. तिचा विमा उतरवल्याशिवाय आम्ही पैसे सोडत नाही. तिच्या टाकीला ओरखडा पडला तर भरपाईचा अर्ज आहे.

चालवणाऱ्याच्या कोपरांसाठी त्या अर्जात रकाना नाही.