संगम : वाहणे की जाणे?

पाचगणीच्या टेबललँडच्या कडेवर उभे राहिले की खाली कृष्णेचे खोरे आणि त्यात पसरलेले धोम धरणाचे पाणी दिसते. येथून जवळच, क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या एकत्र उगम पावतात अशी श्रद्धा आहे. पुढे वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेस मिळते, कोयना कऱ्हाडला. सावित्री मात्र कोकणात उतरून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. कृष्णेशी तिची पुन्हा गाठ नाही.

नद्यांच्या अशा भेटीला आपण 'संगम' म्हणतो. 'एकत्र वाहणे' हा त्याचा अर्थ आपण गृहीतच धरतो; पण शब्दात वाहणे कोठेही नाही. 'सम्' हा उपसर्ग आणि 'गम्' हा धातू : एकत्र जाणे, भेटणे. संगती, समागम हे याच घरातले. ('संग' मात्र नव्हे. तो 'सञ्ज्', म्हणजे चिकटणे, या धातूपासून येतो. आसक्ती आणि प्रसंग हे त्याचे सोयरे. वर्गात ही गल्लत नेहमी होते.) इंग्रजीतील 'कॉन्फ्लुअन्स'मध्ये मात्र 'वाहणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे, आणि ऱ्हाइन व मोझेल जेथे मिळतात त्या कोब्लेंट्झ शहराचे नावही त्याच लॅटिन शब्दातून आले आहे.

संस्कृतात असा शब्द नव्हता असे नाही. 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यापासून 'संस्राव'. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील पंधरावे सूक्त नद्या, वारे, पक्षी अशा सर्वांच्या एकत्र वाहण्याचेच आहे, आणि त्यातील आहुतीला 'संस्राव्य' म्हटले आहे. उलट ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात नद्यांच्या भेटीला 'संगथ' हा शब्द येतो, म्हणजे पुन्हा जाणेच. मराठीपर्यंत पोचला तो हा जाण्याचा वंश. 'स्राव' आपल्याकडे उरला तो जखमेपुरता, आणि तोही बहुतेक उत्तरपत्रिकांत 'रक्तस्त्राव' असा, नसलेला 'त' घेऊन.

'जाणे' आणि 'भेटणे' ही माणसाची क्रियापदे आहेत. म्हणूनच कऱ्हाडच्या संगमाला 'प्रीतिसंगम' हे नाव शोभून दिसते. तेथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात व प्रवाह पूर्वेकडे वळतो; एका डोंगरावरून निघालेल्या दोघी इतक्या वळशानंतर भेटतात. वाहण्याच्या शब्दाला 'प्रीती' जोडून पाहावी, जमत नाही.

परंतु या गोडव्यातच समीक्षेची फसगत होते. 'परंपरा आणि नवता यांचा सुरेख संगम' हे वाक्य आम्ही प्राध्यापक मंडळींनी इतक्या प्रस्तावनांत लिहिले आहे की ते कोणत्याही पुस्तकाला चालते. भेटीचा शब्द दोघांना समान मान देतो. नदी तसा देत नाही. माहुलीनंतर वेण्णा हे नाव संपते, कऱ्हाडनंतर कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पाणी सर्वांचे, नाव कृष्णेचे. एखाद्या कवीत ओवी आणि मुक्तछंद यांचा 'संगम' झाला असे आपण लिहितो, तेव्हा पुढे कोणाचे नाव चालले आणि कोणाचे बुडाले, हे सांगायचे राहूनच जाते.

माहुलीला, निदान, एका तीरावरच्या गावाने तो शब्द स्वतःच्या नावात ठेवला आहे : संगम माहुली. पलीकडची ती क्षेत्र माहुली. वेण्णेचे नाव दोहोंतही नाही.