तात्यांची मोटर आणि आमचं मीटर

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. रात्री जेवणं उरकून ओट्यावर गप्पा चालल्या होत्या आणि लांबून विहिरीवरच्या मोटरचा आवाज येत होता. मी सहज विचारलं, "तात्या, पाऊस तर चांगला झालाय. आत्ता कशाला मोटर?"

"अरे, ऑटो लावलाय तिला. लाइट आली की आपली आपण चालू होते."

"पण ऊस भिजलेलाच आहे ना?"

"असू दे की. बंद केली म्हणून मला कोण काय देणार आहे?"

मी हसलो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तात्यांचाच सख्खा भाऊ, म्हणजे आमचे बाबा, पुण्यात उलटे वागतात. १०० युनिटच्या पुढे दर चढतो म्हणून घरभर फिरून दिवे बंद करतात. एकाच आईची दोन लेकरं, मग एवढा फरक का? स्वभावाचा म्हणावं, तर तात्या बाबांपेक्षा जास्त काटकसरी. फरक आहे तो बिलाचा.

पूर्वी शेतीपंपांनाही मीटर होती. मग पंप वाढले. रानोमाळ विखुरलेल्या विहिरींवर जाऊन रीडिंग घ्यायचं आणि त्यातून येणारं बिल थोडकंच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वीज मंडळाने सोपा मार्ग काढला: मोटर किती हॉर्सपॉवरची तेवढा ठरावीक आकार. कागदावर हे शहाणपणाचंच होतं. पण परिणाम बघा. ५ हॉर्सपॉवरची मोटर आठ तास चालली की ३० युनिट तरी सहज जाळते. आता ती आठ तास चालवा नाहीतर एक तास, बिल तेवढंच! चांगला पंप, मोठ्या व्यासाचा पाइप, कमी अडवणारा फुटव्हॉल्व यांनी वीज खरोखर वाचते. पण त्याचे पैसे शेतकऱ्याने घालायचे आणि फायदा त्याला शून्य. वाचवण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे मोटरवरची पाटी. ५ च्या मोटरवर ३ ची पाटी लावली की बिल कमी!

मोजमाप गेल्याचा आणखी एक तोटा झाला. शेतीला किती वीज गेली हा नुसता अंदाज राहिला आणि तारांतली गळती, चोरी सगळं त्या अंदाजाखाली झाकलं गेलं. २००० सालच्या सुमारास वीज नियामक आयोगापुढे सुनावण्या झाल्या, तेव्हा गळतीचा कबूल केलेला आकडा जवळपास दुप्पट झाला. तोवर सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी.

मग टंचाई आली. दराने आवरता येत नाही म्हटल्यावर तासांनी आवरायचं. भारनियमन! गंमत म्हणजे त्याच सुमारास मीटर असलेल्या कारखान्यांना वेळेनुसार दर लागू झाले. रात्री वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. कारखानदाराने हिशोब करून पाळी बदलली. रात्र दोघांच्याही वाट्याला आली, पण त्याला सवलत मिळाली आणि तात्यांना बॅटरी घेऊन अंधारात दारं धरायला जावं लागलं. विंचूकाट्याची भीती वेगळीच. ऑटो बसवला तो यासाठी. आळस म्हणून नव्हे.

आणि लाइट आली की शंभर मोटरी एकदम सुरू. व्होल्टेज पडणार, मोटर जळणार, रिवाइंडिंगचा खर्च बसणार. म्हणजे तात्यांची वीज स्वस्त होती असंही नाही. ते पैसे बिलात दिसत नव्हते, एवढंच.

यातून वाट निघालीच नाही असं नाही. भारनियमनाच्या ऐन काळात महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली. गावाने मिळून ठरवायचं, संध्याकाळी मोटरी लावायच्या नाहीत, आकडे काढायचे. बदल्यात घरातले दिवे चालू राहणार. बऱ्याच गावांनी ते पाळलं. दर एक पैसाही बदलला नव्हता. मोटर बंद ठेवल्याबद्दल पोरांच्या अभ्यासाला उजेड मिळत होता, आणि तो डोळ्यांना दिसत होता.

२००४ मध्ये निवडणुकीआधी शेतीची वीज मोफत झाली, २००५ मध्ये ती सवलत गेली. २०२४ मध्ये पुन्हा साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत बिल सरकारने उचललं. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठी. आता ठिकठिकाणी सौर फीडर येताहेत, दिवसा वीज मिळणार. रात्रीची पायपीट संपेल आणि ती संपायलाच हवी. शेतकऱ्याला मदत द्यावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण न वापरलेल्या युनिटमागे त्याच्या हातात थोडे पैसे पडले तर? मदतही राहील आणि मोटर बंद करायला कारणही मिळेल. त्यासाठी आधी मीटर लागेल, आणि ते आलं की उद्या बिल येईल ही भीती. ती खोटी आहे असं मी तात्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर विहिरीवर गेलो. लाइट गेली होती. तात्यांनी वाकून पाणी पाहिलं आणि म्हणाले, "मार्चपर्यंत पुरेल बहुतेक." त्याआधीच्या वर्षी फेब्रुवारीतच तळ दिसला होता.

रात्रीचा आवाज दोघांनाही आठवला असणार. कोणी काही बोललं नाही. परत फिरताना तात्यांनी पेटी उघडली आणि ऑटोचं बटण खाली केलं. "दोन दिवस राहू दे बंद," म्हणाले.

असो. पुण्याला आल्यावर बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "दादा शहाणाच आहे," आणि उठून पॅसेजमधला दिवा बंद केला.