गणितवाल्याला तत्त्वज्ञान कशाला?

मागच्या व्याख्यानानंतर अकोल्याच्या एका मुलानं आम्हाला गाठलं. बी.एस्सी.ला गणित घेतलेला. म्हणाला, "सर, गणितवाल्याले तत्त्वज्ञान कायले पाह्यजे?" प्रश्न रास्त आहे. त्याच्याच गावापासून सुरुवात करू.

गोपाळ गणेश आगरकर मूळ कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, पण १८७५ साली मॅट्रिक झाले ते अकोल्यातून. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची टिळकांशी गाठ पडली. टिळकांचा विषय गणित. त्यात त्यांनी पहिल्या वर्गात बी.ए. केलेलं. आगरकरांनी एम.ए. केलं ते इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन. दोघांनी मिळून शाळा-कॉलेज उभारलं, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. म्हणजे गणित आणि तत्त्वज्ञान एका कोठडीत होते म्हणा ना!

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर नेणारा. टिळकांचा विरोध, आगरकरांचा पाठिंबा. दोघेही तर्कात पक्के. मग निष्कर्ष उलटे का? आम्हाला वाटतं, फरक पायऱ्यांत नव्हता, आरंभात होता. परक्या सरकारनं आमच्या समाजात कायद्यानं हात घालू नये, इथून टिळक निघतात. रूढी जिवावर उठत असेल तर कायद्याची मदत घ्यावी, इथून आगरकर निघतात. आणि आरंभ कोणता धरावा, हे नुसत्या सिद्धतेनं ठरत नाही.

हे फक्त राजकारणात होतं असं नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, हे आपण शाळेत सिद्ध करतो. आता पृथ्वीचा गोल घ्या. उत्तर ध्रुवावरून एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन रेखा विषुववृत्तापर्यंत खाली आणा. तीन काटकोन झाले, बेरीज २७०! सिद्धता चुकली का? नाही. ती सपाट पृष्ठ गृहीत धरून होती. युक्लिडची भूमिती अनुभवाआधीच निश्चित आहे, असं कांट अठराव्या शतकात मानत होता. १८२९ मध्ये लोबाचेव्हस्कीनं समांतर रेषांचं गृहीतक बदलून दुसरी सुसंगत भूमिती मांडली, आणि तत्त्वज्ञांना पुन्हा विचाराला बसावं लागलं. गणित शिकलेला नसेल तर तत्त्वज्ञ इथे अडखळतो. आणि तत्त्वज्ञान न शिकलेल्या गणितीला आपण काही गृहीत धरलंय, याची आठवणच राहत नाही.

बर्ट्रांड रसेलनं केंब्रिजला १८९३ मध्ये गणिताची परीक्षा दिली, पुढच्याच वर्षी तत्त्वज्ञानाची. आमच्या वेळी इकडे ती सोय नव्हती. एका कॉलेजात आम्ही गणिताच्या तासाला बसू द्या म्हणून विनंती केली, तर "टाइमटेबल बसत नाही" एवढंच उत्तर मिळालं. ती रुखरुख अजून आहे. चिन्हांचं तर्कशास्त्र आम्ही पुढे चाचपडत, एकट्यानं शिकलो.

तरी वऱ्हाडात हा धागा तुटला नाही. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात दि. य. देशपांड्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं. आरंभ तपासण्याची आगरकरांची सवय पुढे चालावी म्हणून त्यांनी १९९० मध्ये मासिक काढलं, तेच पुढे 'आजचा सुधारक' म्हणून ओळखलं गेलं.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानं मुख्य विषयाला दुसऱ्या शाखेतला विषय जोडायची मुभा दिली आहे. कागदावर दार उघडलं. पण तत्त्वज्ञान शिकवणारा माणूसच कॉलेजात नसेल तर मुलानं जोडायचं काय? म्हणून त्या अकोल्याच्या मुलाला आम्ही म्हटलं, "बाबा, तुझी सिद्धता बरोबर आहे. पण पहिली ओळ कुठून आणली, ते सांग." तो थांबला. मग म्हणाला, "सर, पुढचं व्याख्यान कधी?"