महाडचा विंचू आणि औषधाची मात्रा

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत आणि वैद्यकाजवळ त्यावर खात्रीचा इलाज नव्हता.

या विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय थंडगार पडतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. परंतु ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रुग्णापासून क्षणभरही हलता येत नाही. गावच्या दवाखान्याला हे पेलणारे नव्हते. मग त्यांचे लक्ष रक्तदाबाच्या एका साध्या गोळीकडे गेले : प्राझोसिन. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने या उपचाराची नोंद प्रसिद्ध केली.

खरी कसोटी पुढेच होती. द्यायचे किती, आणि पुन्हा केव्हा?

मुलांसाठी रूढ झालेली मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या बाळाला ३०० मायक्रोग्रॅम, एक मिलिग्रॅमच्या गोळीचा तिसरा हिस्साही नाही. पोटात गेलेले प्राझोसिन दोन-तीन तासांत रक्तात शिगेला पोहोचते आणि जवळपास तेवढ्याच अवधीत निम्मे उरते. विषाचा जोर मात्र त्याहून अधिक काळ टिकतो. म्हणून दर तीन तासांनी पुढची मात्रा. थांबायचे केव्हा, हे घड्याळ नव्हे, रुग्णाचे हातपाय सांगतात : ते उबदार झाले की पुरे. पहिल्या मात्रेनंतर उठून बसल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवायचे. रक्तातील औषध मोजणारे यंत्र जवळ नसताना केलेले हे मात्राशास्त्रच होते.

सर्पदंशाच्या प्रतिविषाचा हिशेब याच्या नेमका उलट, आणि तो अनेकांना चकवतो. तेथे मूल आणि प्रौढ यांना मात्रा सारखीच. कारण निष्प्रभ करायचे असते ते विष, आणि साप काही वजन पाहून चावत नाही.

२०११ मध्ये हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा ७० रुग्णांवरील अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी आठ.