पात्रता आणि मूळस्थान : पहाडगंजच्या निमित्ताने शिष्यवृत्तीच्या नियमांचा इतिहास

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेले पहाडगंज हे दिल्लीतील मराठी समाजाच्या सार्वजनिक जीवनाचे एक जुने केंद्र आहे. नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन या संस्था याच भागात आहेत आणि लगतच्या राणी झांशी मार्गावर आंबेडकर भवन उभे आहे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतील नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे आणि फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित यांनी ही वस्ती घडविली. तेथील ‘मुलतानी ढांडा’ हे मोहल्ल्याचे नावच त्या स्थलांतराची साक्ष देते. येथील बहुसंख्य कुटुंबांचे ‘मूळ’ दुसरीकडे आहे. म्हणूनच उच्च शिक्षणासाठी मिळणाऱ्या आर्थिक साहाय्याच्या नियमांत ‘मूळ रहिवासी’ या अटीचा प्रवेश कसा झाला आणि तिचे परिणाम काय झाले, हे तपासण्यास पहाडगंजसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण.

शिष्यवृत्तीच्या नियमांकडे सामान्यतः प्रशासकीय तपशील म्हणून पाहिले जाते. वस्तुतः प्रत्येक नियमात दोन प्रश्नांची उत्तरे गृहीत धरलेली असतात : साहाय्यास पात्र कोण, आणि त्याची जबाबदारी कोणाची. पहिल्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. दुसऱ्याची त्या मानाने फारच थोडी.

दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

महाराष्ट्रातील विद्याविषयक साहाय्याचा आरंभ दक्षिणेच्या प्रथेत शोधावा लागतो. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालविली. शास्त्राध्ययन आणि ब्राह्मण्य या तिच्या दोन अटी होत्या. राज्याची सीमा ही मात्र तिची अट नव्हती. काशीपासून दक्षिणेतील तीर्थक्षेत्रांपर्यंतचे विद्वान पुण्यास येत आणि परीक्षेनुसार दक्षिणा घेऊन जात. जातीच्या बाबतीत अत्यंत संकुचित असलेली ही व्यवस्था प्रदेशाच्या बाबतीत मोकळी होती. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी या निधीचा काही भाग कायम ठेवला. १८२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेचा खर्च त्यातूनच भागविला गेला, आणि पुढे महाविद्यालयीन ‘दक्षिणा फेलो’ ही संस्था त्यातूनच निघाली. अशा रीतीने धर्मादायाचे रूपांतर गुणवत्तेच्या पारितोषिकात झाले. परंतु त्या गुणवत्तेपर्यंत पोहोचण्याची वाट बहुजनांस बंदच होती.

ही कोंडी फोडण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानिकांनी केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहे उभारली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार तिच्यासोबत होता. या प्रसंगाचा उल्लेख नेहमी होतो. त्यातील एक बाब मात्र सहसा नजरेआड राहते. आंबेडकरांचा जन्म महू येथील छावणीतला, पूर्वजांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, शालेय शिक्षण सातारा व मुंबई येथे, आणि साहाय्य देणारे राज्य बडोद्याचे. आजच्या अधिवासाच्या निकषाने पाहिले असता यांपैकी बडोद्यावर त्यांचा कोणताच हक्क सिद्ध झाला नसता. बडोद्याने अट घातली ती पुढील सेवेची, मागील मुळाची नव्हे.

१९४४ची योजना

जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांसंबंधी विस्तृत निवेदन सादर केले. उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारने अनुदान द्यावे, ही त्यातील एक ठळक मागणी होती. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना केंद्राकडून अनुदान मिळते. मग अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी केंद्राने हात आखडता का घ्यावा, असा युक्तिवाद त्यामागे होता. त्याचे फळ म्हणून १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या देण्यासाठी वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद झाली. १९४८ मध्ये अनुसूचित जमातींचा आणि त्यानंतर इतर मागास वर्गांचाही तीत समावेश करण्यात आला.

या योजनेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. जातींच्या याद्या १९३६च्या आदेशापासूनच प्रांतवार होत्या. तथापि शिष्यवृत्तीचा पैसा केंद्राचा होता, निवड केंद्रीय पातळीवर होत असे आणि उत्तरदायित्वही केंद्राचेच होते. म्हणजे पात्रतेची ओळख प्रांतिक असली, तरी जबाबदारी अखिल भारतीय होती. १९५९-६०च्या सुमारास योजनेचा कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. अर्जांची वाढती संख्या पाहता हे विकेंद्रीकरण स्वाभाविकच होते. परंतु त्यासोबत ‘अर्जदार ज्या राज्याचा कायम रहिवासी, त्या राज्याने शिष्यवृत्ती द्यावी’ हा नियम निर्णायक ठरला. नागपूरचा विद्यार्थी दिल्लीत शिकावयास आल्यास त्याचा भार महाराष्ट्राने उचलावा, हा त्याचा अर्थ सरळ होता. मात्र नागपूरचे कुटुंबच दिल्लीत स्थायिक झाले आणि मुले तेथेच जन्मली, वाढली, तर काय, याचे उत्तर या नियमात सहज सापडत नव्हते.

याच सुमारास महाराष्ट्राने आर्थिक निकषावर आधारलेले दुसरे पाऊल उचलले. यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी शुल्कमाफीची सवलत सुरू झाली आणि ‘ई.बी.सी.’ ही अक्षरे खेडोपाडी परिचयाची झाली. बाराशे रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा त्या पिढीच्या स्मरणात राहिली. या सवलतीचा वारसा सांगणाऱ्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत २०१८ मध्ये ही मर्यादा आठ लाखांवर नेण्यात आली. जातीच्या जोडीला उत्पन्न आले. पण दोहोंच्या मागे राज्याचा रहिवास ही अट कायम राहिली.

कायद्यातील ‘अधिवास’

रहिवासाच्या अटीला न्यायालयीन मान्यता मिळाली ती १९५५ मध्ये, आणि योगायोग असा की त्या खटल्यातील अर्जदार दिल्लीचाच रहिवासी होता. ‘डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य’ या खटल्यात इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाच्या नियमास आव्हान देण्यात आले होते. मध्य भारताच्या रहिवाशांना प्रवेशदेणगी माफ होती. बाहेरच्यांना ती भरावी लागे. घटनेचा पंधरावा अनुच्छेद जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करतो, रहिवासावरून नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने नियम वैध ठरविला. राज्याने आपल्या पैशाने आपल्या रहिवाशांस शिकवावे यात गैर नाही, ही या निकालामागची भूमिका होती. पुढे १९८४ मध्ये ‘प्रदीप जैन’ खटल्यात न्यायालयाने भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असे स्पष्ट केले आणि राज्यांनी हा शब्द सैलपणे वापरू नये असे सुचविले. शब्दावर टीका झाली. व्यवहार मात्र बदलला नाही. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी साधारणतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आजही घातली जाते.

जातीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. घटनेच्या ३४१व्या अनुच्छेदाप्रमाणे एखादी जात ‘त्या राज्याच्या संबंधात’ अनुसूचित मानली जाते. महाराष्ट्रासाठीची यादी १० ऑगस्ट १९५०च्या आदेशातील, तर दिल्लीची २० सप्टेंबर १९५१च्या आदेशातील. दोन्ही याद्या समोर ठेवल्या की विसंगती ध्यानात येते. महार आणि मांग या जाती दिल्लीच्या यादीत नाहीत. उलट धोबी आणि बंजारा दिल्लीत अनुसूचित जाती आहेत, तर महाराष्ट्रात परीट इतर मागास वर्गात आणि बंजारा विमुक्त जातींत गणले जातात. दिल्लीसाठी अनुसूचित जमातींची यादीच नाही. अस्पृश्यतेची तीव्रता प्रदेशानुसार भिन्न होती, हे या प्रांतवार रचनेचे समर्थन. ते निराधार नाही. परंतु माणूस रेल्वेने हजार-बाराशे किलोमीटर दूर गेला म्हणून त्याच्या कुटुंबाचे पिढ्यान् पिढ्यांचे शैक्षणिक वंचितपण नाहीसे होते, असे गृहीत धरण्यास मात्र कोणताही आधार नाही.

गृह मंत्रालयाने २२ फेब्रुवारी १९८५च्या पत्राने यावर तोडगा काढला : स्थलांतरिताचा दर्जा नष्ट होत नाही, पण सवलती त्याला मूळ राज्याकडूनच मिळतील. १९९० मध्ये ‘मर्री चंद्रशेखर राव’ खटल्यात आणि १९९४ मध्ये जातप्रमाणपत्रासंबंधीच्या कृती समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. पहिल्या खटल्यातील विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे वयाच्या नवव्या वर्षी आंध्र प्रदेशातून मुंबईस आला होता. स्वेच्छेने नव्हे तर परिस्थितीमुळे स्थलांतर करणाऱ्यांसाठी संसदेने विचार करावा, असे न्यायालयानेच त्या निकालात नमूद केले, हे विशेष होय. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘बीर सिंह’ खटल्यात घटनापीठाने दिल्लीतील सेवांसाठी अखिल भारतीय आरक्षण मान्य केले. तो प्रश्न नोकऱ्यांचा होता. राज्यांपुरते जुने तत्त्व त्यानेही कायम ठेवले.

पहाडगंजचा विद्यार्थी

या नियमांची एकत्रित परिणती एका उदाहरणावरून पाहता येईल. आजोबा विदर्भातून केंद्र सरकारच्या नोकरीत आले, वडील दिल्लीत जन्मले, आणि मुलगी पहाडगंजात राहून बारावी झाली, असे एक महार-बौद्ध कुटुंब कल्पावे. दिल्ली विद्यापीठ हे केंद्रीय विद्यापीठ असल्याने कोणत्याही राज्याच्या यादीतील जातीच्या विद्यार्थ्याला तेथे राखीव जागेवर प्रवेश मिळू शकतो; त्या मुलीलाही तो मिळेल. पण शिष्यवृत्तीचा प्रश्न निघताच तिची पात्रता विभागली जाते. दिल्लीच्या यादीत तिची जात नाही. १९८५च्या पत्राप्रमाणे तिने मूळ राज्याकडे जावे. आणि मूळ राज्याची योजना त्या राज्यातील रहिवाशांसाठी आहे. एकाच शासनव्यवस्थेने तिला प्रवेशाच्या दाराशी ओळखले आणि शुल्काच्या खिडकीशी अनोळखी ठरविले. बौद्धांच्या बाबतीत यात आणखी एक थर होता. १९५६च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्राने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्यपातळीवर सवलती दिल्या. केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातीचा दर्जा मिळण्यास १९९०ची दुरुस्ती यावी लागली. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या पिढीला राज्याच्या या सवलतीचा आधार नव्हता.

महाराष्ट्राचा पैसा दिल्लीत येत नाही, असे मात्र नाही. बार्टी आणि सारथी या संस्थांच्या योजनांतून स्पर्धा परीक्षेसाठी विद्यार्थी दिल्लीस पाठविले जातात आणि त्यांना विद्यावेतन मिळते. अशा विद्यार्थ्याचा आणि दिल्लीतच वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम एक, भाषा एक, आर्थिक स्थितीही बहुधा एक असू शकते. फरक असतो तो केवळ अधिवासाच्या कागदाचा. नियम भाषेचा विचार कधीच करीत नाहीत, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशनियमांत कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषिक विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. सीमाभागातील मराठी माणसावर राज्याने राजकीय हक्क सांगितला आहे, दिल्लीतील मराठी माणसावर तो सांगितलेला नाही, हे या फरकाचे कारण उघड आहे. त्यावरून एवढे मात्र सिद्ध होते की रहिवासाची अट अपरिहार्य नाही. राज्याला इच्छा झाली की ती शिथिल होते.

केंद्राच्या काही योजनांनी वेगळा मार्ग स्वीकारला आहे. महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी २००८ मध्ये सुरू झालेली केंद्रीय शिष्यवृत्ती बारावीच्या परीक्षा मंडळानुसार वाटली जाते. गुणानुक्रम आणि कौटुंबिक उत्पन्न हे तिचे निकष आहेत. आजोबांचे गाव कोणते, हा प्रश्न तीत उद्भवत नाही. परंतु ही योजना गुणवंतांपुरती मर्यादित आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा हेतू निराळा होता. महाविद्यालयाच्या दारापर्यंत आलेल्या वंचित विद्यार्थ्याला केवळ पैशाअभावी परत फिरावे लागू नये, हा तो हेतू. २०२०च्या अखेरीस तिच्या खर्चात केंद्राचा वाटा साठ टक्के ठरविण्यात आला, तेव्हा जबाबदारी पुन्हा केंद्राकडे झुकली. पात्रतेची ओळख मात्र राज्याकडेच राहिली.

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. दक्षिणेच्या काळी जात ही भिंत होती आणि प्रदेश मोकळा होता. आधुनिक राज्याने जातीची भिंत पाडली, परंतु खर्चाच्या वाटणीसाठी प्रदेशाची नवी रेषा आखली. ही रेषा हिशेबासाठी आवश्यक होती. कालांतराने हिशेबाची रेषाच हक्काची रेषा होऊन बसली, हा खरा दोष आहे. दोन राज्यांच्या नियमांमध्ये जो सापडतो, त्याची जबाबदारी तिसऱ्या कोणावर तरी निश्चित करावी लागते, आणि संघराज्यात तो तिसरा पक्ष केंद्राखेरीज दुसरा असू शकत नाही. १९४४च्या योजनेत हे तत्त्व होते. १९९० मध्ये न्यायालयाने संसदेकडून त्याचीच अपेक्षा केली. मूळ राज्य आणि वास्तव्याचे राज्य या दोहोंनी नाकारलेल्या विद्यार्थ्याचा भार थेट केंद्राने उचलावा, एवढी एक तरतूद झाली तरी दिल्लीतील मराठी विद्यार्थ्याचा आणि त्याच्यासारख्याच मुंबईतील तेलुगू वा सुरतेतील ओडिया विद्यार्थ्याचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटू शकेल. महूत जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या विद्यार्थ्याला बडोद्याने परदेशी पाठविले, तेव्हा त्या राज्याने पाहिली ती विद्यार्थ्याची गरज आणि योग्यता. पात्रतेच्या कोणत्याही नियमाची कसोटी अखेर हीच असावयास हवी.